पेन्सिलीतला शेरा

अक्षर आपलंच आहे हे मास्तरांना चष्मा लावायच्या आधीच कळलं. तरी त्यांनी खिशातून चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने काच पुसली, तो लावला आणि कागदाकडे असं पाहिलं की जणू पहिल्यांदाच पाहतायत. समोर बसलेल्या लेफ्टनंट कर्नल बाई साध्या कपड्यांत आल्या होत्या. चौथ्या मजल्यापर्यंत जिने चढून आल्या तरी त्यांना धाप लागलेली नव्हती. वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांच्या विद्यालयाला पुढच्या वर्षी पंचाहत्तर वर्षं होणार होती, आणि मास्तरांनी पन्नासाव्या वर्षी लिहिलेल्या इतिहासाची नवी आवृत्ती काढायचं काम या बाईंकडे आलं होतं. महिन्याभरात दोनदा त्या फोनवर बोलल्या होत्या. दोन्ही वेळा फोन ठेवल्यावर मास्तर आरशासमोर उभे राहून केस नीट करून आले होते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कोणाला आपण हवे आहोत, ही गोष्ट लहान नव्हती.

"सर, तुमच्या पुस्तकात एक वाक्य आहे," बाई म्हणाल्या. "पठारावरच्या ठाण्याला हिवाळ्यात काय धोका आहे, हे विद्यालयातल्या एका अभ्यासाने दोन वर्षं आधीच दाखवून दिलं होतं. तो अभ्यास मला सापडला."

"अस्सं," मास्तर म्हणाले.

"पुरवठा खात्यातल्या एका कर्नलांचा प्रबंध आहे. त्यावर दोन शेरे आहेत. एक टाइप केलेला, खाली तुमची सही. चांगलंच धुतलंय तुम्ही त्यांना." बाई हसल्या. हसण्यात टोचणी नव्हती, वडीलधाऱ्यांच्या खोडीला हसावं तसं हसल्या. "चुकतो माणूस. ते मी काही उगाळत बसणार नाही. पण हा दुसरा बघा ना. शेवटच्या कोऱ्या पानावर, पेन्सिलीत. सही नाही."

मास्तरांनी वाचलं. 'गेल्या पाच वर्षांत इथे वाचलेला सगळ्यात प्रामाणिक प्रबंध. हा वर जायलाच हवा.' 'जायलाच'मधला 'च' दाबून लिहिलेला होता, तिथे कागदाला आतून फुगवटा आला होता. तो फुगवटा बोटाला लागेल असं वाटून त्यांनी हात मांडीवर घेतला.

"म्हणजे एकाला तरी कळलं होतं," बाई म्हणाल्या. "मला त्याचं नाव हवंय. त्याच्यावर एक वेगळं पान करायचं मनात आहे. अक्षर ओळखीचं वाटतं?"

"नाही," मास्तर म्हणाले. मग कोणी विचारलं नव्हतं तरी म्हणाले, "त्या वेळी पुष्कळ जण वाचायचे."

बाईंनी मान डोलावली आणि कागद परत फाइलमध्ये ठेवला. जाताना दारात त्या म्हणाल्या, "ते कर्नल आहेत अजून. इथेच, बिस्किटाच्या कारखान्यापलीकडच्या वसाहतीत राहतात. गुरुवारी चाललेय मी त्यांच्याकडे. येता, सर? तुमची जुनी ओळख."

"गुरुवारी माझं दातांचं आहे," मास्तर म्हणाले. दातांचं काहीही नव्हतं.

जिन्यात बाईंच्या बुटांचा आवाज खालपर्यंत गेला, खालचं फाटक वाजलं, आणि मास्तर चहाचे दोन कप तसेच ठेवून खुर्चीत बसून राहिले. खोटं बोलायला किती सोपं गेलं याचंच त्यांना आधी नवल वाटत राहिलं. दोन शेरे होते आणि दोन्ही त्यांचे होते. टाइप केलेला आपला मानला तर ते चुकलेले गृहस्थ ठरत होते; मोठ्या कारकिर्दीत माणसाच्या हातून होते तशी एक चूक, आणि चुकीला बाई हसल्याही होत्या. पण पेन्सिलीतलाही आपला म्हटला की चूक उरत नव्हती. मग ज्याला कळलं होतं तोच हा माणूस, आणि कळून त्याने दुसरं लिहिलं, एवढंच उरत होतं. म्हणजे आयुष्यात एकदा आपण जे खरं लिहिलं, तेच आपलं नाही म्हणावं लागतंय. बाई त्या अनोळखी माणसाला स्वतंत्र पान देणार होत्या. मास्तरांना एक क्षणभर त्या माणसाचा हेवा वाटला, आणि लगेच त्यांना आपल्याच खोलीत कुठे बघावं ते कळेना.

या विद्यालयाचा इतिहास त्यांना पाठ होता. देश एक युद्ध हरला त्याच्या दुसऱ्याच वर्षी ते निघालं. पैसा नव्हता, इमारत नव्हती; टेकडीवर क्षयरोग्यांचं एक बंद पडलेलं इस्पितळ होतं, ते धुऊन, चुना लावून अठरा अधिकाऱ्यांना बसवलं. सगळे पंचेचाळीसच्या पुढचे, छातीवर पदकं असलेले, आणि त्यांना शाळेतल्या बाकांवर बसायला सांगितलेलं. पहिले कमांडंट एका पायाने लंगडत. त्यांनी पहिल्याच दिवशी टोप्या आणि खांद्यावरच्या पट्ट्या ओसरीतल्या खुंट्यांवर काढून ठेवायला लावल्या. इथे वर्गात कोणाचा हुद्दा नाही. आणि पहिल्या तुकडीला एकच प्रबंध लिहायला दिला, की आपण का हरलो. अठराच्या अठरा प्रबंध जेवणघरात मोठ्याने वाचले गेले, ज्यांच्यावर टीका होती त्यांच्यासमोर. त्या पहिल्या कमांडंटचं टिपण मास्तरांनीच रेकॉर्ड रूममधून शोधून काढलं होतं: वरच्यांना खरं सांगेल असा खाली कोणी उरला नव्हता म्हणून आपण हरलो, आणि असा माणूस तयार करायला ही शाळा आहे. मास्तरांनी हे वाक्य आपल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर घातलं होतं. ते लिहिताना त्यांचे डोळे भरून आले होते. आज त्यांना ते आठवलं आणि डोळे भरून येण्याचीच किळस वाटली. कारण पुढचंही त्यांना पाठ होतं. पंधराव्या वर्षी नवी इमारत झाली, तिला घुमट आला. परदेशी पाहुणे येऊ लागले म्हणून गालिचे आले. या खुर्चीवरून माणूस थेट सेनाप्रमुख होतो असं दोनदा घडल्यावर कमांडंटची खुर्ची मोठी झाली. कोणी ठरवून केलं नाही, पण पंचविसाव्या वर्षाच्या सुमाराला जेवणघरातलं वाचन बंद झालं. प्रबंधावर पेन्सिलीत कच्चे शेरे मारून लेखकाला दाखवायचे, आणि खरा शेरा टाइप करून बंद पाकिटात वर पाठवायचा, तो लेखकाने बघायचा नाही, अशी पद्धत पडली. खुंट्या मात्र होत्या. त्यांना दरवर्षी पॉलिश होई.

मास्तर तिथे गेले तेव्हा तिशीतले होते. सगळ्या आवारात इतिहास शिकवणारा तो एकच बिनलष्करी माणूस, म्हणून पहिल्याच आठवड्यात कोणीतरी 'मास्तर' म्हणालं आणि तेच नाव पडलं. ब्रिगेडियरसुद्धा मास्तर म्हणत. बायकोला दम्याचा त्रास होता. शहरातल्या ओलसर दोन खोल्यांत ती उशांची चळत पाठीला लावून बसल्याबसल्या झोपायची, टेकडीवरच्या घरात आल्यावर आठ दिवसांनी ती आडवी झोपली, आणि सकाळी उठून हसत म्हणाली, "अहो, मला स्वप्न पडलं. किती वर्षांनी!" बसून झोपणाऱ्या माणसाला स्वप्नं पडत नाहीत, हे मास्तरांना तेव्हा कळलं. लेक तिथेच सायकल शिकली. नेमणूक दर पाच वर्षांनी नव्याने व्हायची, घर नेमणुकीबरोबर.

अडतिसाव्या तुकडीत तो पुरवठा खात्यातला कर्नल आला. लढाऊ पलटणींतले अधिकारी त्याला 'पोतं' म्हणत. तोंडावर म्हणत आणि तोही हसे. "पोतं नसतं तर तुम्ही काय खाल्लं असतं, पदकं?" असं एकदा त्याने जेवताना विचारलं तेव्हा सगळं टेबल खदखदलं होतं. अंगाने रुंद, हळू बोलणारा, बोलण्याआधी घसा साफ करणारा. त्याने प्रबंधाला उत्तरेकडच्या पठारावरचं ठाणं घेतलं. तिथे जायला एकच रस्ता, आणि हिवाळ्यात तो सहा आठवडे बंद राहतो असं धरून शिधा आणि रॉकेल साठवायची योजना होती. कर्नलने काय केलं, तर ट्रकच्या ड्रायव्हरांच्या सतरा वर्षांच्या नोंदवह्या मिळवल्या. तेलाचे डाग पडलेल्या, शिव्या लिहिलेल्या, एकीत कोणा ड्रायव्हरने घरच्या म्हशीचं चित्र काढलेलं. त्या सतरा वर्षांत चार वेळा रस्ता सहा नव्हे, नऊ ते अकरा आठवडे बंद होता. दर चार-पाच वर्षांनी एक असा हिवाळा येतो, आणि तो येईल तेव्हा सातव्या आठवड्यात ठाण्यात रॉकेल नसेल, असं त्याने साध्या भाषेत लिहिलं होतं. मास्तर तो प्रबंध एका बैठकीत वाचून गेले. राजांच्या पत्रांवर आणि सेनापतींच्या आठवणींवर जन्म घालवलेल्या त्यांना वाटलं, अरे, पुरावा असा असतो. त्या भरात त्यांनी पेन्सिल घेतली. दुसऱ्या दिवशी वाचनालयात कर्नलला ते पान उघडून दाखवलं. तो रुंद माणूस कानापर्यंत लाल झाला. घसा साफ करून म्हणाला, "मास्तर, मग जाईल ना हे वर?" आणि मास्तर म्हणाले, "न जाऊन सांगेल कोणाला?" हे वाक्य त्यांना आता शब्दन् शब्द आठवलं. तेव्हा वाचनालयात उन्हं आली होती आणि आपण स्वतःला मोठे वाटत होतो, हेही आठवलं.

त्या वेळचे कमांडंट फार सुसंस्कृत गृहस्थ होते. आवाज कधी चढवत नसत. त्यांनी मास्तरांना दुपारी चहाला बोलावलं, स्वतः कपात चहा ओतला, साखर किती ते त्यांच्या लक्षात होतं. प्रबंध टेबलावर नव्हता. बोलणं बागेवरून, नव्या पुस्तकांवरून फिरत आलं आणि ते म्हणाले, "पठाराची योजना मी आखली तेव्हा फार घाई होती हो. पण चार जाणत्यांनी बघितली आहे ती." मास्तरांना हे माहीत नव्हतं. योजना त्यांची आहे हे प्रबंधात कुठेही नव्हतं. कर्नललाही माहीत नसावं, किंवा असूनही त्याने लिहिलं नसावं. "तुम्ही इतिहासाची माणसं," कमांडंट म्हणाले, "ड्रायव्हरांच्या वह्या हा तुमच्या शास्त्रात पुरावा धरतात का? मी विचारतोय फक्त. मला कळत नाही त्यातलं." मग उठताना, दारापर्यंत सोडायला येताना, खांद्यावर हात ठेवून: "वहिनींचा दमा कसा आहे आता? ही हवा मानवली त्यांना." एवढंच. घर म्हणाले नाहीत, नेमणूक म्हणाले नाहीत. मास्तरांनी पुढे कितीदा त्या वाक्यात धमकी शोधली, आणि धमकी सापडली असती तर बरं झालं असतं असं त्यांना वाटायचं. पण ते वाक्य साधं काळजीचंही असू शकत होतं. ज्याला घाबरले ते कदाचित त्यांनी स्वतःच घरून नेलं होतं. त्याच संध्याकाळी त्यांनी टाइपरायटरवर लिहिलं: 'आधारसामग्री दुय्यम दर्जाची. निष्कर्ष घाईचे. वर पाठवण्याची शिफारस नाही.' सही केली. घरी बायकोने विचारलं, "जेवत का नाही?" तर म्हणाले, "तिथे बिस्किटं खाल्ली." ती त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि तिने ताट उचललं.

तिसऱ्या हिवाळ्यात पठारावरचा रस्ता दहा आठवडे बंद राहिला. सत्तावीस माणसं गेली. काही गारठून, काही बंद खोलीत कोळशाच्या धुराने, कारण रॉकेल संपल्यावर त्यांनी दारं-खिडक्या बुजवून शेगड्या पेटवल्या होत्या. चौकशी झाली, त्या वर्षीचा हिवाळा न भूतो असा होता असं तिने म्हटलं. कमांडंट तोवर बढतीवर गेले होते, पुढे सेनाप्रमुख झाले. घुमटाखालच्या सभागृहाला आता त्यांचं नाव आहे. कर्नल ब्रिगेडियर झाला नाही. 'टीका करायची खोड' असं त्याच्या कागदांवर कुठेतरी चढलं होतं म्हणे. आणि दहा वर्षांनी विद्यालयाचा सुवर्णमहोत्सवी इतिहास लिहिताना मास्तरांनी ते वाक्य लिहिलं: विद्यालयातल्या एका अभ्यासाने दाखवून दिलं होतं. एका अभ्यासाने! ज्या प्रबंधाला त्यांनी गाडलं त्याचंच त्यांनी विद्यालयाला पदक करून लावलं, आणि लेखकाचं नाव घातलं नाही, कारण नाव घातलं असतं तर कोणीतरी फाइल उघडून पाहिली असती. तेव्हा ते रेकॉर्ड रूममध्ये खोडरबर घेऊनही गेले होते. ते कोरं पान उघडून उभे राहिले, आणि खोडलं नाही. कुठेतरी ते असू दे, असं त्यांना वाटलं. त्यानंतरची पंचवीस वर्षं, मन खायला उठलं की ते त्या पानाशी जाऊन बसत. म्हणत, निदान एकदा आपण खरं लिहिलं, निदान ते पुसलं नाही. त्या पेन्सिलीच्या दोन ओळींवर त्यांची सगळी इज्जत उभी होती.

"बाबा, कोण आलं होतं?" संध्याकाळी लेकीने विचारलं. ती एका दवाखान्यात व्यायामोपचार करते. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवून आल्यावर घरी आधी स्वतः लोळते. नवऱ्याची नोकरी दूरच्या शहरात, म्हणून गेली सहा वर्षं बापलेक एकत्र. "दोन कप आहेत म्हणून विचारलं. तुम्हाला कोणी मैत्रीण झाली असेल तर सांगा बरं."

"विद्यालयातून आल्या होत्या. नवी आवृत्ती काढतायत."

"मग त्यांना आपल्या घराचा फोटो द्या ना! आई अंगणात बसलीय तो. काय घर होतं बाबा ते." ती सोफ्यावर उताणी पडून छताकडे बघत बोलत होती. "आई तिथे होती म्हणून अकरा वर्षं जगली, असं डॉक्टर म्हणायचे. आठवतं?"

मास्तरांना आठवत होतं. अकरा वर्षं. त्यांनी मनात किती वेळा हा हिशोब मांडला होता, एका बाजूला अकरा वर्षं आणि दुसऱ्या बाजूला सत्तावीस माणसं, आणि दर वेळी तो मांडतामांडता त्यांना बायकोचा चेहरा डोळ्यांसमोर आणवेना. तिला न विचारता तिचा श्वास त्यांनी पुढे केला होता.

बुधवारी लेक कामावर गेल्यावर त्यांनी बस पकडली. गुरुवारच्या आधी जायचं, एवढंच ठरलं होतं. जाऊन काय करायचं ते नव्हतं. बाईंना सांगू नका अशी विनवणी करायला आपण चाललो आहोत का, असा प्रश्न त्यांनी बसमध्ये स्वतःला विचारला आणि उत्तर यायच्या आत खिडकीबाहेर बघायला लागले. बिस्किटाच्या कारखान्याचा गोड, भाजका वास दोन थांबे आधीपासून यायला लागला. वसाहत जुनी, एकसारख्या तीन मजली इमारतींची. तळमजल्यावरच्या एका दारात एक रुंद म्हातारा स्टुलावर बसून सायकलच्या चाकाची तार घट्ट करत होता. मास्तर समोर उभे राहिले. त्याने वर पाहिलं, घसा साफ केला.

"मास्तर," तो म्हणाला. "या. पायरी बघा, फुटलीय."

आत त्याची बायको होती. तिने पाणी दिलं, मास्तरांकडे एकदाच नीट पाहिलं आणि आत निघून गेली. दार मात्र लोटून घेतलं नाही. सेवेतून बाहेर पडल्यावर कर्नलने वीस वर्षं त्या बिस्किटाच्या कारखान्याचं कोठार सांभाळलं होतं. "पोतं ते पोतंच राहिलं," तो म्हणाला आणि हसला. मास्तरांना हसता येईना. त्यांनी बाईंचं, फाइलचं, दोन शेऱ्यांचं सांगितलं. टाइप केलेलं पण मीच लिहिलं होतं, हे सांगताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की कर्नलने कानामागे हात धरला, आणि ते वाक्य त्यांना दुसऱ्यांदा, मोठ्याने म्हणावं लागलं.

"माहीत आहे ते," कर्नल म्हणाला. "बढती नाकारली तेव्हा एका कारकुनाने दाखवलं मला. पण तोवर पठारावरचं सगळं होऊन गेलं होतं."

"मी... तरी ते पेन्सिलीतलं पुसलं नाही," मास्तर म्हणाले. म्हटल्यावर त्यांना ते ऐकू आलं. आपण इथेही तेच पुढे करतोय. तरी ते थांबले नाहीत. "ते मी मनापासून लिहिलं होतं, कर्नल."

कर्नलने हातातला सायकलचा पाना खाली ठेवला.

"मास्तर, तुम्ही आला नसतात तर मी कधी बोललो नसतो. पण आलात म्हणून सांगतो. मुख्यालयात माझा एक मित्र होता. रसद विभागात. तो म्हणाला होता, प्रबंधाची एक प्रत मला दे, मी परस्पर वरच्या साहेबांच्या हातात देतो. नियमाबाहेरचं होतं, पण झालं असतं." त्याने घसा साफ केला. "मी म्हटलं, गरज नाही. आमचे मास्तर पाठवतायत ते रीतसर. त्यांनी तसं लिहून दाखवलंय मला. दोन वर्षं मी वाट बघत होतो. सरकारी काम आहे, वेळ लागतो, असं म्हणत होतो. तुम्ही मला पहिल्यांदाच म्हणाला असतात की हे भिकार आहे, तर मी दुसरं दार ठोठावलं असतं."

आतून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला होता. मास्तर खुर्चीच्या कडेला बसले होते. त्यांना आपले दोन्ही तळवे दिसत होते आणि ते कुठे ठेवावेत हे कळत नव्हतं. पंचवीस वर्षं ज्या दोन ओळींच्या आडोशाला ते उभे होते त्या ओळींनीच काम केलं होतं. टाइप केलेल्या कागदाने प्रबंध अडवला, पण माणसाला अडवलं ते पेन्सिलीने. खोटं लिहिलं म्हणून नव्हे, खरं लिहून मग तिथून निघून गेले म्हणून.

"बाई उद्या येतील," कर्नल म्हणाला. "मला विचारलं तर मी सांगेन, आठवत नाही. माझं वय झालंय, खपून जाईल. तुम्ही काळजी करू नका."

हे त्यांना सहन झालं नाही. तो शिव्या देता तर मास्तर ऐकून घेते. "नको," ते म्हणाले, "असं नका करू." आणि उठले. दारातून आतली बायको दिसली, ती टेबलाला टेकून उभी होती. ती म्हणाली, "पायरी बघा." नवऱ्याने म्हटलं होतं तेच, पण तिच्या आवाजात काहीही नव्हतं.

घरी लेकीला त्यांनी जेवायच्या आधी सांगितलं, नंतर सांगवलं नसतं म्हणून. ती उभी होती ती हळूच खुर्चीवर बसली. सगळं झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "आईला माहीत होतं?"

"विचारलं नाही मी कधी."

"तिने जेवणाचं ताट उचललं म्हणालात ना मघाशी," लेक म्हणाली. "आई कधी कोणाचं भरलेलं ताट उचलायची नाही, बाबा. समोर बसून राहायची, जेवेपर्यंत." आणि मग ती उठून आपल्या खोलीत गेली. मास्तरांनी छत्तीस वर्षं त्या संध्याकाळचा विचार केला होता आणि हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता ते टेकडीवर होते. पहारेकऱ्याला त्यांचं नाव माहीत नव्हतं. बाईंना फोन करून विचारलं तेव्हा त्याने आत सोडलं. बाईंची खोली लहान होती, भिंतीला लोखंडी कपाटं, टेबलावर जुन्या तुकड्यांचे फोटो पसरलेले. "सर! आणि दातांचं?" त्या उठून उभ्या राहिल्या. मास्तरांनी घरून लिहून आणलेले दोन कागद त्यांच्यासमोर ठेवले आणि म्हणाले, "ते अक्षर माझं आहे. परवा मी खोटं बोललो." कागदांत सगळं होतं, चहा, दम्याची चौकशी, टाइपरायटर, पुस्तकातलं ते वाक्य, खोडरबर, आणि काल कर्नल जे म्हणाला तेही. बाईंनी उभ्यानेच वाचायला सुरुवात केली, मग बसल्या. दुसऱ्या कागदावर त्या थांबल्या, परत पहिल्यावर गेल्या. त्यांचा चेहरा बदलत गेला. परवा त्या ज्या आदराने बोलल्या होत्या तो डोळ्यांदेखत उतरत गेला, आणि तो उतरताना बघणं भाग होतं, कारण दुसरीकडे बघणं म्हणजे पुन्हा पळणं झालं असतं.

"एक विचारू?" त्या शेवटी म्हणाल्या. या वेळी 'सर' नव्हतं. "तुम्हाला हे छापायला हवंय, की फक्त लिहून मोकळं व्हायचंय?"

"छापा," मास्तर म्हणाले. उत्तर द्यायला त्यांना थोडा वेळ लागला, आणि तो लागलेला त्यांना कळला.

"मग हे मला माझ्या शिफारशीने वर पाठवावं लागेल. समारंभ त्या कमांडंटसाहेबांच्याच नावाच्या सभागृहात आहे. त्यांचे चिरंजीव पाहुणे आहेत." त्या कागदांकडे बघत होत्या, मास्तरांशी बोलत होत्या असं नव्हे. "माझ्या बढतीची बैठक मार्चमध्ये आहे."

बाहेर कोणीतरी गवत कापत होतं. आणि मास्तरांच्या जिभेवर एक वाक्य आलं. फार मऊ, फार काळजीचं वाक्य होतं ते: तुमची मुलं लहान असतील, एवढं तुम्ही कशाला अंगावर घेता, ठेवा हे कागद फाइलला लावून, पुढे कोणीतरी बघेल. खांद्यावर हात ठेवून म्हणावं असं वाक्य. ते त्यांच्यात आयतं तयार होतं, साखर किती घालायची तेसुद्धा ठाऊक असल्यासारखं. बाईंच्या भल्यासाठीच ते म्हणावंसं वाटत होतं, त्यात काही खोट नव्हती, आणि त्याचीच त्यांना इतकी भीती वाटली की त्यांनी दात आवळून धरले. ते काहीच बोलले नाहीत. चांगलंही नाही, वाईटही नाही. बोलायचा हक्क आपल्याकडे नाही, एवढं त्यांना कळत होतं.

बाईंनी खण उघडून पेन काढलं. शिफारशीचा एक छापील तक्ता समोर ओढला, वर तारीख घातली. 'छापण्यास योग्य. मूळ कागद सोबत जोडले आहेत. लेखक कर्नल यांचे पूर्ण नाव द्यावे.' तीन ओळी. मग खाली सही केली, नाव लिहिलं, नावाखाली हुद्दा. हुद्दा लिहिताना पेन एकदा अडलं, त्यांनी ते बाजूला झटकलं आणि पुन्हा लिहिलं. मास्तर बघत होते. ज्या गोष्टीपुढे त्यांचं सगळं आयुष्य वाकडी वाट करून गेलं, ती करायला एवढाच वेळ लागत होता.

"मी निघते," बाई म्हणाल्या. तक्ता त्यांनी पाकिटात घातला. "कर्नलसाहेब वाट बघत असतील."

त्यांनी दार उघडून धरलं. मास्तर आधी बाहेर पडले, आणि त्यांनी पुढे जावं म्हणून भिंतीला लागून उभे राहिले.